टेस्टला हेल्पर चालत नाही

शरणप्पा मिस्त्रींची भिंत माझ्या डोळ्यांदेखत खचत होती. वर वीट ठेवली की खालच्या सांध्यातून माल गळायचा. माल म्हणजे सिमेंट-वाळूचं कालवण. ते पातळ झालं की विटा जागेवर राहत नाहीत.

भालकीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मी गवंडीकामाचा परीक्षक. शरणप्पा जवळच्याच मेहकर गावचे नावाजलेले मिस्त्री. पण गावातल्या एका हॉस्टेलच्या बांधकामावरचा नवा ठेकेदार त्यांना म्हणाला होता, "सर्टिफिकेट न्हाई तर बिगारी म्हणून लागा." या वयात त्यांनी दुसऱ्याची घमेली उचलायची? म्हणून ते टेस्टला आले. टेस्टमध्ये सगळं काम एकट्यानं करायचं असतं.

"पानी बस करा की!" दारातून त्यांची बायको नागम्मा ओरडली.

"अक्का, बोलायचं नाही. टेस्ट चाललीय."

"मग ह्यांना कोन सांगनार? ह्यांनी जन्मात माल कालवला न्हाई. त्यो मीच कालवते."

शरणप्पांनी थापी खाली ठेवली. "व्हय साहेब. माल हिचाच असतो."

त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. पण खचलेली भिंत पास कशी करणार? नापास केलं.

निघताना नागम्मा माझ्याशी भांडायलाच आली. मी म्हणालो, "अक्का, तुम्हीच बसा टेस्टला."

"मी? मी तर बिगारी."

"विटा लावता येतात?"

"मधल्या ओळी मीच भरते. कोपरे तेवढे ह्यांचे."

पुढच्या बॅचला दोघं आले. घरी काय शाळा भरली होती देव जाणे, पण शरणप्पांचा माल या वेळी झकास. नागम्माचा कोपरा जरासा कलला, तरी चालण्यासारखा होता. "ओळंबा बघ, ओळंबा!" तिच्या पाळीला शरणप्पा दारातून ओरडले. मी त्यांनाही गप्प केलं. दोघंही पास.

ठेकेदारानं दोन मिस्त्री म्हणून त्यांना दोन वेगळ्या भिंतींवर लावलं. हाताखाली दोन नवे बिगारी. मी पाहायला गेलो तर शरणप्पा कुरकुरत होते. "साहेब, ह्यो बिगारी माल बिघडवायलाय."

पलीकडच्या भिंतीवरून नागम्मा हसली. "बिगारी चांगला हाय, साहेब. ह्यांना माझ्या हाताची सवय हाय."

सर्टिफिकेटनं अनुभवी माणसाला काय शिकवायचं, असं लोक मला विचारतात. शरणप्पांचा म्हणून आम्ही जो अनुभव धरून चाललो होतो, त्यातला अर्धा नागम्माचा होता. ते आम्हाला कळायला शरणप्पांना एकदा नापास व्हावं लागलं.