नळाची मूठ माझ्या खिशात

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात आमच्या बेलापूरच्या घरात पाणी उकळणारा नळ आला. तोवर आमच्या घरात पाणी उकळतच नव्हतं जणू. मुलगा पुण्याला कामाला. एका शनिवारी खोकं घेऊन आला, ओट्याखाली टाकी बसवली, बेसिनवर वाकड्या मानेचा नळ उभा केला आणि मूठ फिरवली. वाफाळतं पाणी आलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी म्हणालो, गॅसवर पण उकळतंच.

खरं कारण बायकोचे हात. संधिवातानं तिची बोटं वाकडी झालीत. त्या उन्हाळ्यात आधणाचं पातेलं तिच्या हातून सुटलं, पायापासून वीतभर लांब पडलं. म्हणून तो नळ. हे मला कळत होतं, पण कळलेलं बोलून दाखवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

नळाबरोबर एक पुस्तकही आलं. त्यावर एक बाई कप धरून हसत होती, तिच्या घरी बहुधा आमच्यासारखं बोअरचं पाणी नसावं. आमची सून शाळेत शिकवते, तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दर तीन महिन्यांनी टाकीत साचलेला क्षार काढावा, असं त्यात होतं. मी शिकलो चौथी. पण चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढली. मला क्षार शिकवायचा म्हणजे उसाला गोडी शिकवायची. मी म्हणालो, ठेवा ते पुस्तक, पापड वाळवताना वर वजन ठेवायला होईल.

ते पुस्तक खरंच तेवढ्याच कामाला आलं. सहा महिने टाकीला कुणी हात लावला नाही. नाताळ जवळ आला तेव्हा नळाची धार दोऱ्यासारखी बारीक झाली, तीही तिरकी, आणि चहावर पांढरे पापुद्रे तरंगायला लागले. सुनेनं कंपनीला फोन लावला. माणूस आठ दिवसांनी येईल म्हणाले. इतका मोठा रोग, डॉक्टरही तसाच मोठा.

मी म्हणालो, मी करतो.

बायको म्हणाली, "तुमी हात लावू नका. हाय ते तरी ऱ्हाऊ द्या."

"बॉयलरच्या पोटात बसून खरवडलंय मी. ही टाकी म्हंजे तांब्या."

सुनेनं वाद घातला नाही. ती शिकलेली आहे, वाद न घालता बोलते. "करा बाबा. फक्त आईंना पुन्हा पातेलं उचलायची वेळ येऊ नये, एवढं बघा."

दुसऱ्या दिवशी सून शाळेत गेल्यावर मी कामाला लागलो. भिंतीवरचं बटन बंद केलं, पाणी निवू दिलं, मग टाकी बादलीत रिकामी केली. नळाच्या तोंडची जाळी खोलली तर ती चुन्यानं गच्च. वाण्याकडनं लिंबूसत्व आणलं होतं, ते पाण्यात कालवून टाकीत ओतलं, जाळीही त्यात बुडवली. आत फसफसायला लागलं. तो आवाज मला फार दिवसांनी ऐकू आला. बायको दारात उभी राहून बघत होती, मी तिच्याकडं बघितलंच नाही. कामावरचा माणूस असं इकडंतिकडं बघत नसतो.

आता कारखान्याची एक रीत सांगतो. बॉयलर साफ करायला जो आत उतरेल, त्यानं वाफेच्या व्हॉल्व्हचं चाक काढून स्वतःबरोबर आत न्यायचं. म्हणजे बाहेरच्या कुठल्या शहाण्याला वाफ सोडताच येऊ नये. चौतीस वर्षं मी ते चाक मांडीखाली घेऊन आत बसलो, म्हणून आज लिहितोय. तर मीही रीतीप्रमाणं नळाची मूठ उपटली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

दुपारी टाकी तीन वेळा धुतली, जाळी बसवली, पाणी भरलं, बटन चालू केलं. तापायला थोडा वेळ लागणार होता. तेवढ्यात निघालेला क्षार कागदात बांधला आणि स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो. तिथं आम्ही कारखान्यातले चार रिटायर बसतो. मी पुडी सोडून दाखवली. एकानं विचारलं, घराला चुना लावायचा विचार आहे का. दुसरा म्हणाला, म्हातारीनं अखेर भांडी घासायला लावलं म्हणायचं. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. लिंबूसत्वाचं माप सांगितलं. विचारलं नव्हतं कुणी, तरी सांगितलं. मग चष्मा काढायला खिशात हात घातला आणि हाताला मूठ लागली.

चार वाजून गेले होते. चारला बायको चहा करते.

मी चाललो. पळालो असं कुणी सांगेल, मी चाललो.

घरात शिरलो तर ओट्याखाली पाणी सांडलेलं, पातेलं बेसिनमध्ये आडवं, आणि बायको पाटावर बसलेली. डाव्या पावलावर रुपयाएवढा लाल डाग. सून शाळेतून आली होती, त्यावर गार पाणी धरत होती. मी तिच्याकडं बघितलं, ती माझ्या खिशाकडं बघत होती.

मी म्हणालो, रीत असते. आत काम चालू असताना बाहेरच्यानं मूठ फिरवू नये.

बायको पायाकडंच बघत होती. "कारखान्यात आत मानूस हुता," ती म्हणाली. "हितं आत कोन हुतं?"

चौतीस वर्षांत कुठल्या साहेबानं मला असा प्रश्न विचारला नव्हता. मी खिशात हात घातला. मूठ बसवली आणि फिरवली. करंगळीएवढी जाड, सरळ, स्वच्छ धार आली. इतकी चांगली धार आणि तिच्याकडं बघायला घरात एक माणूस नाही. मी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. परसातनं बारीक तारेचा तुकडा आणला आणि मूठ फिरण्यापुरती ढील ठेवून नळाच्या मानेला बांधली. दोन पीळ दिले, पकडीनं दाबले, ओढून बघितलं. आता ती कुणाच्याच खिशात जाणार नव्हती. मग कपात चहाची पूड आणि साखर टाकली, नळाखाली धरला आणि जन्मात पहिल्यांदा चहा केला. तो तिच्यापुढं ठेवला. पाणचट झाला होता, ती म्हणाली. मी म्हणालो, नळच तसला.