कार्ले खिंडीतला दुसरा गिअर

धरमतरच्या खाडीलगत मिठागरांच्या कडेने जी आगरी वस्ती आहे, तिथला चांगदेव घरत स्वभावाने भित्रा होता, असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल. वारं सुटलेलं असताना खाडीत होडी घालायला तो कधी कचरला नाही. भरतीचं पाणी मिठागरात शिरू लागलं की बांध धरायला सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायचा. पण मोटारीच्या बाबतीत त्याचा जीव मुठीत असायचा.

ही मोटार त्याला मुंबईच्या शेटजींकडून मिळाली होती. त्यांच्याकडे तो बरीच वर्षं ड्रायव्हर होता. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास शेटजींनी नवी गाडी घेतली आणि जुनी विलायती गाडी 'तूच हिला ओळखतोस' म्हणून चांगदेवाच्या हवाली केली. तेव्हाच ती म्हातारी होती. मैल मोजणारा काटा दमून एका जागी बसला होता. चांगदेवाने तिला गावी आणलं आणि धरमतरला लाँचने उतरणारी माणसं अलिबागला पोचवायला लागला. पुढे एसटी सुरू झाली, तशी रोजची माणसं तिकडे गेली. त्याच्या वाट्याला उरली लग्नाची वऱ्हाडं, आजारी माणसं आणि अडलेल्या बाया. रोज संध्याकाळी परत आला की तो बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा, पोराचा ताप बघावा तसा.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला. बारीक, दाताखाली वाळूचा कण यावा तसा. बायको सोनूबाई शेजारी बसली होती, तिला त्याने विचारलं, "ऐकलंस?"

"काय?"

"तो आवाज. कुर्रर्र करतो तो."

"अवो, तुमच्या कानात वारा भरलाय. मना तर काय बी ऐकू येत न्हाय."

पण महिन्याभराने एक वऱ्हाड घेऊन कार्ले खिंड चढताना दुसरा गिअर आपोआप सुटला. पोयनाड आणि अलिबाग यांच्या मध्ये ही खिंड आहे. चढ फार मोठा नाही, पण भरलेल्या जुन्या गाडीची परीक्षा घ्यायला पुरेसा. गिअरचा दांडा खटकन मागे आला, इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी मागे सरकायला लागली. चांगदेवाने ब्रेकवर उभं राहून ती थांबवली. नवऱ्याच्या मामाने उडी मारून चाकामागे दगड लावला. वऱ्हाड हसत होतं. चांगदेवाच्या मात्र पाठीला घामाची धार लागली होती. तेव्हापासून खिंड चढताना तो डाव्या हाताने दांडा घट्ट दाबून धरायचा आणि एकट्या उजव्या हाताने स्टिअरिंगचं चक्र फिरवायचा.

पोयनाडच्या नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये रावजी मिस्त्री मोटारी दुरुस्त करायचा. त्याने गाडीखाली निजून, हात घालून बघितलं आणि बाहेर येऊन विचारलं, "हिचं गिअरचं तेल कधी बदललं होतंस?"

"मी? मी कधीच न्हाय. शेटजींच्या टायमाला बदललं असंल तर असंल."

"मग गेरबाक रडणार न्हाय तर काय! आतलं तेल डांबर झालंय. उद्या गाडी आण, सगळं सोडतो, नवं भरतो."

चांगदेव हो म्हणणार, एवढ्यात बाकावर बिडी ओढत बसलेला कोंडाजी उठून जवळ आला. कोंडाजीचा जन्म मिठाच्या लॉऱ्या हाकण्यात गेला होता. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे तो घरी बसला होता, म्हणजे खरं तर रावजीच्या बाकावर.

"चांग्या, तेलाला हात लावू नको," तो म्हणाला. "म्हाताऱ्याच्या हलत्या दातांच्या फटीत जी घाण बसलेली असते ना, तीच दातांना धरून ठेवते. तू ती धुऊन काढ, दुसऱ्या दिवशी दात ताटात! माझ्या लॉरीचं असंच झालं. नवं तेल घातलं आणि वडखळला पोचायच्या आत गिअरच्या पेटीचा भुगा."

"तुझ्या लॉरीत दात होतेच कुठे?" रावजी भडकला.

"होते. तुझ्यासारख्या मिस्त्रीने पाडले."

चांगदेव गाडी घेऊन घरी आला आणि ती रात्र त्याने कूस बदलत काढली. तेल बदललं नाही आणि पेटी बसली, तर 'रावजीने सांगून ऐकलं नाही' म्हणतील. बदललं आणि बसली, तर 'चालत्या गाडीला बोट लावलं' म्हणतील. जो भेटेल त्याला तो विचारायला लागला. एसटीच्या ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला आमच्याकडे डेपोवाले बघतात. देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं, त्याने अंगारा दिला. तो अंगारा चांगदेवाने पेटीला नेमका कुठे लावायचा याचाही विचार केला.

यात कदाचित वर्षही गेलं असतं. पण फाल्गुनात त्याची एकुलती एक मुलगी ठमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गावची सुईण नीराबाई हिने पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहरा बदलला. बाहेर येऊन ती सोनूबाईला हळूच म्हणाली, "पोर उलटं हाय. पाय खाली. हे माझ्या हातचं काम न्हाय, अलिबागला न्या."

अलिबागच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. दिवस भरत आले की मुलीला अलिबागेतच आणून ठेवा, आणि कळा आधी सुरू झाल्या तर एक क्षणही घरी थांबू नका. सोनूबाईची बहीण अलिबागेत राहायची. अक्षय्यतृतीया झाली की ठमीला तिच्याकडे नेऊन ठेवायचं ठरलं.

त्या दिवशी परत येताना खिंडीत चांगदेवाने दांडा इतका दाबून धरला की घरी आल्यावर त्याची बोटं उघडेनात.

दुसऱ्या दिवशी तो रावजीच्या शेडसमोर उभा राहिला. "बदल."

"झाला ना विचार?"

"न्हाय झाला. म्हणून तर म्हणतो, आत्ताच बदल. पुन्हा मागे फिरंन."

रावजीने पेटीखाली पत्र्याचं घमेलं ठेवलं आणि बूच सैल केलं. तेल येईना. मग काळं, जाड, काकवीसारखं ओघळायला लागलं. चांगदेव उकिडवा बसून बघत होता. उन्हाची तिरीप घमेल्यावर आली आणि त्या काळ्या तेलात त्याला काहीतरी चमकताना दिसलं. पितळेची नाहीतर लोखंडाची पिठासारखी बारीक चुरी होती ती. ही चुरी म्हणजे गिअरचे दातच होते. थोडे थोडे झिजून तेलात उतरलेले. आता हे सगळं बाहेर गेलं तर आत राहणार काय?

"बंद कर!" तो ओरडला.

"अरे, अजून अर्धं तरी..."

"बंद कर म्हणतो ना! बूच लाव!"

रावजीने वैतागून बूच लावलं. "आता काय करू? नवंही नको, जुनंही नको?"

"वरनं नवं भर. जाडातलं जाड. जेवढं गेलं तेवढं."

बाकावरून कोंडाजी खो खो हसला. "अर्धी मोटार सोवळ्यात, अर्धी ओवळ्यात! असा ड्रायव्हर अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा मिळायचा न्हाय."

चांगदेवाला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. घरी येताना तो आवाज ऐकत होता. एकदा वाटलं कमी झालाय. मिठागराच्या वळणावर वाटलं, वाढलाय.

अक्षय्यतृतीयेला अजून आठवडा होता, तेव्हाच ऐन दुपारी ठमीच्या कळा सुरू झाल्या. दुपारची एसटी नुकतीच गेली होती, पुढची दिवस कलल्यावर. चांगदेव मिठागरावर होता. सोनूबाई बांधावरून धावत आली, दुरूनच ओरडली, "मोटार काढा!" आणि तो चिखलाच्या पायांनी तसाच घराकडे धावला.

ठमीला मागच्या बाकावर आडवी केली. नीराबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सोनूबाई पुढे, नवऱ्याच्या शेजारी. पोयनाड ओलांडेपर्यंत गाडी नीट चालली. ठमी दात आवळून कण्हत होती, आणि प्रत्येक खड्ड्याला चांगदेव, जणू खड्डा त्यानेच खणला असावा तसा, "झालं हां बाय, झालं," म्हणत होता.

खिंडीचा चढ लागला. त्याने दुसरा गिअर टाकला आणि डाव्या हाताने दांडा दाबून धरला. पण त्या दिवशी हाताला घाम सुटला होता. अर्ध्या चढावर खटकन दांडा मागे आला. इंजिन ओरडलं. मागून ठमीची किंकाळी आली.

गाडी ब्रेकवर उभी राहिली. चांगदेवाला समोरचा रस्ता दिसेना. तो पुटपुटला, "सगळंच काढायला पायजे होतं. का काढायलाच नको होतं..."

"अवो!" सोनूबाई ओरडली. "तेलाचं मागून बघा. आता मना सांगा, काय धरू?"

"काय?"

"दांडा कुठे ठेवायचा, ते सांगा. मी धरते. तुमी गाडी हाका."

चांगदेवाने क्लच दाबला, गिअर टाकला आणि तिचे दोन्ही हात घेऊन दांड्यावर ठेवले. "असा. मागे येऊ द्यायचा न्हाय. काय बी झालं तरी."

तिने पदर कमरेला खोचला, पाय समोरच्या फळीला रोवले आणि सगळा भार हातांवर टाकला. मिठाच्या पाट्या वाहून घट्ट झालेले हात होते ते. दांडा तिच्या मुठीत धडधडत होता, सुटायला बघत होता. एकदा तो बोटभर मागे आला, तशी तिने "आई गं" म्हणत खांद्याने रेटा दिला. चांगदेव दोन्ही हातांनी चक्र धरून गाडी वर काढत राहिला. माथा आला. उतार लागला तरी ती हात सोडेना. "सोड आता, सोनू," तो म्हणाला. चारचौघांत त्याने तिला अशी हाक कधी मारली नव्हती.

दवाखान्यात ठमीला लगेच आत घेतलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. पाय आधी आले, मग सगळी. थोडा वेळ रडली नाही, मग रडली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "दोघी बऱ्या आहेत. वेळेवर आणलंत." चांगदेव भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढे श्रावणात मोटार उभी करून रावजीने पेटी उघडली तेव्हा दुसऱ्या गिअरचे दात पार गोल झालेले निघाले. हे दोनचार वर्षांपूर्वीचंच आहे, असं तो म्हणाला. म्हणजे तेल बदललं असतं तरी, न बदललं असतं तरी, दांडा सुटणारच होता. पण हे त्याने हळू आवाजात सांगितलं, कारण तोवर नाक्यावर त्याने दुसरंच पसरवलं होतं: अर्धं का होईना, नवं तेल घातलं म्हणून ठमी पोचली. कोंडाजी सांगायचा की अर्धं का होईना, जुनं राहिलं म्हणून. दोघांचं त्यावरून पुरतं वाजलं होतं. भंगारातला एक गिअर शोधून रावजीने बसवला आणि गाडी आणखी काही वर्षं चालली.

पण ते पुढचं. बारसं मावशीकडेच उरकून ठमीला घरी न्यायचा दिवस आला, तेव्हा चांगदेवाने मोटार दारात आणली, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, "तुमी एसटीनं जा."

"आणि तुमी?" सोनूबाईने विचारलं.

"मी येतो मागनं."

सोनूबाईने वाद घातला नाही. नातीला पदराखाली घेऊन ती ठमीसोबत एसटीत चढली आणि मागच्या खिडकीशी बसली. एसटी खिंडीकडे निघाली. तिच्या मागे, धूळ खात, एका हाताने दांडा दाबून धरत चांगदेव आपली रिकामी मोटार घेऊन येत होता. खिडकीतून सोनूबाई मधूनमधून वळून बघत होती, येतोय का.