दुखणं आत्याबाईंचं, निघालं माझं

दवाखान्यात मी गेले होते ती आत्याबाईंना दाखवायला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव देऊळगाव राजा आणि चिखलीच्या मधलं, सडकेपासून कोसभर आत. घरचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी निघायची आणि यजमान ती बाजाराला न्यायचे. मी गावातल्याच प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. वय एकतीस. अंगानं काटक. शाळा सुटली की मळ्यात खुरपायला जायची, कधी दमले असं आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात आत्याबाईंना चक्कर यायला लागली. ज्वारी पाखडता पाखडता सूप हातातून सुटायचं. काढे झाले, अंगारा झाला. शेवटी यजमान म्हणाले, "बुलढाण्याले घेऊन जा तिले." तिथे एक धर्मादाय दवाखाना होता. डॉक्टर एकच, पण त्यांच्या हाताला गुण आहे असं आमच्याकडे सगळे म्हणायचे.

फाट्यावर पहिली एसटी धरली, चिखलीला गाडी बदलली आणि दहाच्या सुमारास पोचलो. व्हरांडा माणसांनी भरलेला. आमचा नंबर लागला तेव्हा दीड वाजून गेला होता. डॉक्टरांनी आत्याबाईंच्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळला तसा त्यांनी हात हिसकून घेतला.

"हे काय बांधून राह्यले? मले नाई बांधायचं. रगत काढसान तुम्ही."

डॉक्टर हसले. "आजी, रक्त नाही काढत. हे बघा, आधी तुमच्या सुनेला बांधून दाखवतो."

मी हसतच हात पुढे केला. त्यांनी रबरी फुगा दाबला, नळीतला पारा वर चढला. आत्याबाई मान लांब करून बघत होत्या. डॉक्टर फुगा दाबतच राहिले. मग हवा सोडली, पुन्हा भरली. मग पट्टा काढून दुसऱ्या हाताला बांधला. त्यांचं हसू केव्हाच गेलं होतं.

"बाई, डोकं दुखतं?"

"नाही."

"डोळ्यांपुढे अंधारी? छातीत धडधड?"

"नाही हो. मला काही नाही. दुखणं यांचं आहे."

"दोनशे तीस," ते कंपाउंडरला म्हणाले. "खालचा एकशे चाळीस. लिहून घ्या."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं बोलताहेत. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"स्टँडवरून चालत आलात तुम्ही?"

"हो."

"या दाबाला माणूस चालत येत नाही, उचलून आणावं लागतं," ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "मूलबाळ?"

हे मला कुणी विचारलं की मी खाली बघायची. "एक झालं होतं. सहा वर्षं झाली. आठव्या महिन्यातच. गेलं."

"तेव्हा पाय सुजले होते? तोंड?"

"हो."

"डोळ्यांपुढे काजवे चमकायचे?"

"हो."

"झटके आले होते?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, कारण तेवढा वेळ मला शुद्ध नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, "आले होते ना. दातखीळ बसली होती. चार बायांनी धरून ठेवलं हिले."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "मग तेव्हापासूनच हा दाब असणार. कुणी मोजलाच नाही. मूल त्यानंच गेलं असावं, बाई."

 मूल कशानं गेलं हे तर आमच्या घरात सहा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. ते ग्रहणानं गेलं होतं. दिवस राहिलेले असताना ग्रहण लागलं, त्याच वेळी घरी पाहुणे आले आणि मी विळी घेऊन वांगी चिरली. आत्याबाईंनी हे विहिरीवर सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं, माझ्या आईलाही सांगितलं. "गिराणात विळी घेऊन बसली, आता काय म्हणावं?" मी कधी उलट बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. ग्रहण म्हणजे सावली, हे मी चौथीच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवत होते आणि घरी येऊन स्वतःला दोष देत होते.

मी आत्याबाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. डॉक्टरांनी मला तिथल्या तिथे दाखल करून घेतलं. पायातल्या वहाणाही मला काढू दिल्या नाहीत, खाली वाकायचं नाही म्हणाले. त्या आत्याबाईंनी काढल्या आणि त्या वहाणा हातात धरून बराच वेळ भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा दाब मोजला तेव्हा त्यांनी मुकाट हात दिला. तो ठीक निघाला. रक्त कमी होतं, त्यासाठी लोहाच्या औषधाची बाटली मिळाली.

नऊ दिवस मी खाटेवर होते. शेजारच्या बायका कण्हत, कुंथत. मला काहीच होत नव्हतं. हेच मला सहन होईना. अंगात एवढं काही चाललेलं आणि अंगानं एका शब्दानं कळवलं नाही. सहा वर्षं मी त्या अंगानं पाणी शेंदलं, टोपल्या वाहिल्या, शाळा केली.

घरी सोडलं ते दोन अटींवर. मीठ बंद, आणि दर पंधरा दिवसांनी येऊन दाब मोजायचा. सर्पगंधेपासून केलेल्या बारीक गोळ्या दिल्या. त्यांनी दाब उतरायचा, पण नाक चोंदायचं आणि उगाचच्या उगाच रडू यायचं. वर्गात पाढे म्हणून घेता घेता डोळे भरून यायचे आणि पोरं एकमेकांकडे बघायची.

पहिल्या खेपेला निघाले तर आत्याबाई आधीच पिशवी घेऊन ओसरीवर बसलेल्या.

"तुम्ही कशाला? ऊन किती आहे."

"माही बाटली सरली," त्या म्हणाल्या. बाटली अर्धी भरलेली मी सकाळीच पाहिली होती.

त्या व्हरांड्यात बसणं हीच मोठी परीक्षा होती. नंबर सकाळी घ्यायचा आणि बोलावणं कधी बाराला, कधी दोनला. डॉक्टर सांगायचे, मोजण्याआधी शांत बसा. आणि शांत तर बसवत नव्हतं. दार करकरलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. चार तास दाराकडे बघून आत गेले की पारा वर. मग डॉक्टरांच्या कपाळावर आठी, ती बघून आणखी वर.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आत्याबाईंनी ते हेरलं. व्हरांड्याच्या टोकाला लिंबाची सावली यायची. तिथे त्यांनी घोंगडी अंथरली आणि मला दाराकडे पाठ करून बसवलं.

"दाराकडं पाहून दार लवकर उघडते काय? म्या पाहते. तू पुढल्या खेपेले तुह्या पोरांच्या वह्या आण अन् त्या पाहा."

तेव्हापासून मी वह्यांचा गठ्ठा बरोबर न्यायला लागले. लाल पेन्सिलीनं गणितं तपासायची. बाराला आत्याबाई फडकं सोडायच्या. आळणी भाकर, आळणी वरण, वर लिंबू पिळून. माझं आणि त्यांचं जेवण एकच. घरीसुद्धा त्यांनी सगळ्यांचा स्वयंपाक आळणी करून टाकला. यजमान कुरकुरले तर म्हणाल्या, "वरून घे ना मीठ. तुले कोनं धरलं?" त्यांनी स्वतः वरूनही कधी घेतलं नाही.

असे सात-आठ महिने गेले. पारा खाली येत होता. मला वाटलं, जमलं आता.

मग हिवाळ्यातला तो दिवस आला. आदल्या दिवसापासूनच मला जरा जड वाटत होतं, पण मी बोलले नाही. दवाखान्यात पोचलो तर घाटात मजुरांचा ट्रक उलटलेला, आणि जखमी माणसं एकामागून एक आत नेत होते. डॉक्टर एकटे. दोष कुणाला देणार? आम्ही घोंगडी अंथरली. बारा वाजले, एक वाजला. आत कुणीतरी ओरडत होतं.

मी तिसरीच्या वह्या तपासत होते. एका उत्तरावर बरोबरची खूण केली तर ती ओळ सोडून खाली घसरली. पुढची त्याहून खाली. मला वाटलं, पेन्सिलीचं टोक मोडलं. पाहायला उचलली तर ती बोटांतून गळून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मी माझ्या हाताकडे बघत राहिले. तो मांडीवर पडून होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "आत्याबाई" म्हणावं म्हणून तोंड उघडलं. शब्द मला आतून स्पष्ट दिसत होता आणि बाहेर नुसतं "आ, आ" निघालं.

आत्याबाईंनी वळून माझं तोंड पाहिलं. गावात मोठी माणसं समोरून आली तर ही बाई पदर नाकापर्यंत ओढायची. परक्या पुरुषांपुढे तिचा चढा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. ती उठली, दोन्ही काखांत हात घालून तिनं मला उभं केलं आणि ओढत दारापर्यंत नेलं. दारावरच्या शिपायानं हात आडवा धरला.

"आजी, नंबरानं या. आत मरणाची गर्दी आहे."

"नंबर गेला खड्ड्यात! माही सून मरून राह्यली इथं!"

 शिपायाचा हात तिनं खांद्यानं ढकलला आणि आम्ही आत गेलो, रक्तानं भरलेल्या कापसाच्या बोळ्यांमधून. डॉक्टरांचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खाली निजवा. तिथेच. फरशीवर."

इंजेक्शनं झाली. तिन्हीसांजेपर्यंत माझी वाचा परत आली. पहिला शब्द मी "पाणी" म्हणाले तर आत्याबाईंच्या हातातलं भांडं सांडलं. उजवा हात मात्र लवकर येईना. दोन महिने मी फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी अर्धा तास बाहेर बसल्या असत्या तर..." त्यानंतर त्यांनी एक पद्धत घातली. दाबाचे पेशंट आले की कंपाउंडरनं व्हरांड्यातच आधी मोजायचं, आणि जास्त असेल त्याला नंबर नाही, सरळ आत.

पुढच्याच खेपेची गोष्ट. माझा दाब मोजून झाला होता, ठीक होता. आम्ही गोळ्यांसाठी थांबलो होतो. मी दाराकडे पाठ करून, आत्याबाई माझ्या पाठीला पाठ लावून.

"सूनबाई."

"काय?"

"ते गिराणाचं..." त्या म्हणाल्या. "म्या तुले सहा वर्षं बोलली. साऱ्या गावात बोलली."

मी वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला.

"तू काऊन नाही बोलली मले कधी? एवढी शिकेल. म्हणायचं होतं ना, असं नसते म्हणून."

"मला तरी कुठे माहीत होतं?" मी म्हणाले. "मलाही वाटायचं, माझ्या हातानंच गेलं."

त्या गर्रकन वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "तुले बी?" त्या म्हणाल्या. "तू तं मास्तरीण हायेस! मग कोनं सांगावं आपल्याले?"

आणि त्या व्हरांड्यात, इतक्या लोकांसमोर, पदर तोंडावर न घेता रडल्या. मी त्यांचा हात धरला. माझी बोटं अजून नीट मिटत नव्हती, म्हणून त्यांनीच माझी धरली.

मला पुढे मूल झालं नाही. होऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावकीतल्या कुणी यजमानांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तर आत्याबाईंनी त्याला चहासुद्धा न देता ओसरीवरून उठवलं. गोळ्या बदलत गेल्या, नाक मोकळं झालं, रडू थांबलं. त्याच शाळेतून मी निवृत्त झाले.

आत्याबाई पुढे बरीच वर्षं होत्या. गावात कुणाला दिवस गेले की त्या तिच्या घरी जायच्या. चुलीपाशी बसायच्या आणि सरळ तिच्या घोट्यावर अंगठा दाबून बघायच्या, खळगा पडतो का, म्हणजे सूज आहे का. लोक हसायचे. पडला तर तिच्या सासूशी भांडून तिला पहिल्या एसटीत बसवायच्या आणि स्वतः बरोबर जायच्या. अशा तिघी त्यांनी बुलढाण्याला नेल्या. एकीचं बाळ वाचलं नाही, ती वाचली. बाकी दोघी लेकरं घेऊन परत आल्या.