तिखूर, रानहळद आणि लाल चिंध्या

माझी नणंद गडचिरोलीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात दिलेली आहे. तिच्या हातचा तिखूर आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तिखूर म्हणजे रानातला कंद. त्याचं पांढरं पीठ उपवासाला चालतं. दूध-साखर घालून आटवलं की मऊ, किंचित थरथरती बर्फी होते. मागे एका शिवरात्रीला तिचे व्याही ब्रह्मपुरीहून आले, आणि नेमकी तेव्हाच बर्फी पिवळट आणि कडू झाली. विहीणबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "औषधी दिसते." सगळे हसले. नणंद हसली नाही. पुढच्या शिवरात्रीला ते पुन्हा येणार होते, आणि तिला त्यांच्या वाट्या रिकाम्या झालेल्या पाहायच्या होत्या.

दोष तिच्या हाताचा नव्हता. गावामागच्या उतारावर तिखूर आणि रानहळद एकमेकांत मिसळून वाढतात. दोघं एकाच कुळातले, अगदी सख्खे. पीठ काढायचं ते थंडीत, कंद भरल्यावर. तेव्हा वर काहीच उरलेलं नसतं.

"पानं वाळून भुईले लागलेली रायते वैनी. कोनतं काय, कसं समजनार?" ती म्हणाली.

"कंद कापून पाहायचा ना बाई. तिखूर आतून पांढरा, रानहळद पिवळी."

"कंदाचं एकेक बोट कापत बसू का? टोपल्या भरून रायते ते."

मी म्हटलं, थंडीत ओळखू येत नाही तर फुलाच्या वेळी ओळखून ठेवू. मी मूल गावी शाळेच्या कार्यालयात काम करते, कुठली वस्तू कुठे आहे हे लिहून ठेवणं माझ्या अंगातच आहे. मृगाच्या सुमारास सुट्टी काढली आणि वही, बांबूच्या कामट्या आणि शिंप्याकडच्या लाल कापडाच्या चिंध्या घेऊन तिच्याकडे पोहोचले.

फुलं आली होती. पानं यायच्या आधीच मातीतून थेट कणसासारखा तुरा वर येतो. दोघांच्याही तुऱ्याच्या शेंड्याला गुलाबी पानं, दोघांचंही फूल पिवळ्याकडे झुकणारं. पहिल्या दिवशी मी रंगावर गेले: गडद गुलाबी तो तिखूर, फिकट ती रानहळद. दुसऱ्या दिवशी सावलीतले तुरे पाहिले आणि कालचं सगळं खोडावं लागलं, कारण सावलीत दोन्ही फिकटच होते. मग फूल नीट पाहिलं. तिखुराचं फूल संपूर्ण पिवळं आणि ज्या हिरव्या खोळीतून निघतं तिच्याबाहेर चांगलं डोकावणारं. रानहळदीचं आतून पिवळं, पण बाहेरच्या पाकळ्या गुलाबीसर पांढऱ्या, आणि तुरा एकूण जाड. एकदा हे दिसलं की मग दिसतच राहिलं. नणंद तर चालता चालताच सांगू लागली, "हा आपला, ही नाई."

तिखुराजवळ कामटी आणि तिला लाल चिंधी, एवढाच नियम ठेवला. ऑगस्टमध्ये पुन्हा जाऊन पानं तपासली. तिखुराचं पान अरुंद आणि दोन्हीकडून गुळगुळीत, रानहळदीचं रुंद आणि खालून मखमलीसारखं. बोट फिरवलं की पुरे. दोन कामट्या चुकलेल्या निघाल्या, त्या उपटल्या. मी समाधानाने घरी परतले.

थंडीत खणायला गेलो तेव्हा उतारावर उदबत्त्यांच्या काड्या होत्या. दगडाला शेंदूर. फुटलेला नारळ. आणि माझ्या कामट्यांच्या आसपास, झुडपांना, वाळक्या देठांना, जिथे जागा मिळेल तिथे लाल चिंध्या. कुणी कुणी तर माझ्यासारख्याच कामट्या रोवून त्यांना बांधलेल्या.

"वैनी, तू त देव बसवून ठेवला इथी!" नणंद खालीच बसली. मग तिला हसू आलं, मग रडू. लोकांनी हात जोडलेल्या जागेत आता कुदळ कोण मारणार? शिवरात्र तोंडावर होती.

रानात लाल चिंधी म्हणजे कुणाचा तरी नवस, हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. आम्ही गावच्या भूमकाकडे गेलो. गावच्या देवाचं सगळं तोच करतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"कोनत्या देवाच्या नावानं बांधल्या बाई?"

"देवाच्या नाही भाऊ. तिखुराच्या."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "मी म्हनतच होतो, मले न विचारता हा देव आला कुठून! पन आता लोकायनं हात जोडले. नाई कसं म्हनाव? तुमच्या चिंध्या तुमी काढा, तिथीच खना. लोकायच्याले हात लावू नका."

आता लालातून लाल वेगळं करायचं होतं. पण माझ्या चिंध्यांनी सगळा पावसाळा अंगावर घेतला होता, त्या विटून फिक्या पडल्या होत्या. नवसाच्या अजून झळझळीत होत्या. भूमकाने आधी तांदूळ वाहिले आणि आम्ही फक्त फिक्या चिंधीखाली खणलं. प्रत्येक जागी थोडा कंद पुन्हा मातीत ठेवला. घरी किसून, पाण्यात कालवून, गाळून, निवळू दिलं. वरचं पाणी पुन्हा पुन्हा बदललं. तळाशी बसलेला थर दुधासारखा पांढरा होता. नणंदेने तो बोटाने चाखला आणि लगेच पुन्हा बोट बुडवलं.

शिवरात्रीला बर्फी वाढायचं काम माझ्याकडे होतं. विहीणबाईंनी पहिली वाटी संपवली, दुसरी मागून घेतली. तिसऱ्या वेळी त्यांनीच माझ्या हातातलं ताट धरून ठेवलं.

"पिठी उरली असेल तर द्या ना थोडी," त्या नणंदेला म्हणाल्या. "माझ्या लेकीकडे पाठवीन."

स्वयंपाकघरात डबा काठोकाठ भरलेला होता. नणंदेने पदर सावरला.

"पाहाव लागन," ती म्हणाली. "तुमी आंधी फराळ करा त खरं."