अरविंदरावांचा खांब

सिन्नरच्या कारखान्यात सुमनचा फोन आला तेव्हा मी डबा खात होतो. "दादा, हे गेले रे," एवढंच ती म्हणाली. मी हातातल्या पोळीकडे बघत "बरं बरं" म्हणालो... अशा वेळी माणूस काहीही बोलतो. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, डोक्याच्या वर लाथ मारणारा धडधाकट माणूस, पन्नाशीच्या आत हृदय बंद पडून जातो, हे आत शिरतच नव्हतं.

अरविंदराव पंचवटीतल्या एका जुन्या सभागृहात तायक्वांदो शिकवायचे. नव्वदच्या सुमारास ते नाव उच्चारतानाच माझी जीभ मुरगळायची. हौसेने मीही गेलो. पहिल्याच किकला विजार उसवली आणि माझी नेमणूक चहा आणण्यावर झाली. त्यांचा खरा जीव पूमसेत, म्हणजे मनातल्या शत्रूशी ठरलेल्या क्रमाने एकट्यानेच लढायच्या हालचालींत. "कोरियात हे रेषेवर चालतात, दादा. जिथून निघालो तिथेच परत यायचं, नाहीतर सगळं फसलं."

पण सभागृहाच्या मधोमध होता खांब. म्हणून त्यांनी रेषेला तिथे एक वळसा दिला आणि स्वतः त्याच खांबाला खांदा टेकून बघत राहिले. पुढे एका स्पर्धेत मोकळ्या मैदानावर त्यांची सगळी पोरं नसलेल्या खांबाला वळसा घालून गेली. पंचांनी विचारलं, "तिथं काय आहे?"

"आमचा खांब," अरविंदराव म्हणाले. गुण गेले. नंतर सभागृह दुरुस्त झालं, खांबही गेला. वळसा मात्र राहिला.

तेरावं झाल्यावर सुमनने वर्ग उघडला. ती स्वतः ब्लॅक बेल्ट. "पुढच्या महिन्यात बाहेरचे परीक्षक येतायत. वळसा राहिला तर पोरं नापास होणार आणि वर्ग बंद पडणार. ह्यांचं एवढंच तर उरलंय, दादा."

तिने सरळ जायला सांगितलं, तरी पोरं वळलीच. त्याच आठवड्यात आलेली, ना खांब पाहिलेली ना अरविंदराव, अशी एक चिमुरडीसुद्धा वळली.

"तू का गं वळलीस?" मी विचारलं.

"धक्का लागला असता ना."

"कुणाला?"

ती रांगेत पळाली. पुढच्यांचं बघून वळली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सुमन स्वतः निघाली. मध्यावर पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. "तू चाल रे. तुला काहीच येत नाही, तू सरळ जाशील."

चहाचा ट्रे घेऊन मी निघालो. मधोमध दुखऱ्या स्नायूंना चोळायच्या मलमाचा वास आला, त्यांचा. "जरा सरकता का, अरविंदराव?" तोंडातून निघून गेलं, आणि मीही वळसा घालून पलीकडे गेलो. कुणी हसलं नाही.

मागे पाहिलं तर सुमन त्या जागी जाऊन उभी होती, एक खांदा किंचित कललेला. कशाला टेकली होती, कोण जाणे. "पुन्हा," ती पोरांना म्हणाली. "सरळ माझ्या अंगावर या. मी सरकेन."

पोरं आली. ती सरकली.

परीक्षा पार पडली, वर्ग चालू आहे, पोरं सरळ जातात. मी मात्र ट्रे घेऊन अजून वळसाच घालतो; माझी परीक्षा कोण घेतंय! तिथून जाताना कोपर जरा आत घेतो... चहा गरम असतो.