काकूंनी जिन्याला मत दिलं

इस्त्रीवाल्या काकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. कपड्यांचं गाठोडं घेऊन त्या जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढायच्या आणि पायरीपायरीला त्याला शिव्यांची लाखोली वाहायच्या. गल्लीच्या नव्या आराखड्यासाठी रहिवाशांची सभा भरली. "जिना काढून तिथे लिफ्ट बसवायची का?" असा प्रश्न आला, तेव्हा काकू काय म्हणणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. पण विरोधात पहिला हात त्यांचाच वर गेला.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?" शेजारी बसलेले त्यांचे यजमान, काका, पुटपुटले. "रोज तूच त्याच्या नावानं बोटं मोडतेस!"

"तेच तर मला कळेना," काकू म्हणाल्या.

आराखडा करणाऱ्या बाईंनी विचारलं, "काकू, जिन्यात तुम्हाला काय आवडतं?"

"आवडत काहीच नाही हो. पण वळणावरच्या खिडकीपाशी मी गाठोडं टेकवते. तिथे कुणी ना कुणी भेटतंच. दोन शब्द बोलल्याशिवाय पाय निघत नाही."

बाईंनी नकाशावर जिना तसाच ठेवला आणि लिफ्ट इमारतीच्या मागच्या बाजूला सरकवली. सभेलाही ते पटलं.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी काकूंनी गाठोडं आत ठेवलं, तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि स्वतः जिन्याकडे वळल्या. खिडकीपाशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या.

"लिफ्ट बंद पडली वाटतं?"

"नाही, चालू आहे की."

"मग?"

काकू खिडकीला टेकल्या. तेवढ्यात वरून काकांची हाक आली, "अगं, गाठोडं आलं, तू कुठे राहिलीस?"