चर्चमध्ये गाणारा संशयवादी

ऐंशीच्या दशकात मी शिकागोत पीएचडी करत होतो. युनिव्हर्सिटीजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शनिवारी एक उंच, कृष्णवर्णीय आजोबा हमखास दिसायचे. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. ते दोनच कपाटांपाशी थांबत. एकात चर्चमधल्या गॉस्पेल भक्तिगीतांवर बेतलेल्या संगीत नाटकांची पुस्तकं होती, दुसऱ्यात तत्त्वज्ञानातल्या संशयवादावरची. नाटक चाळताना ते हलकेच गुणगुणायचे. दुसऱ्या कपाटापाशी मात्र कपाळाला आठ्या घालून उभे असायचे.

एकदा न राहवून मी विचारलं, "ही दोन्ही तुम्हालाच लागतात?"

ते हसले. "नाटकं बायकोची. आमच्या चर्चमध्ये तीच बसवायची. हिवाळ्यात ती गेली. संशय माझा, तो लग्नाआधीपासूनचा. या ईस्टरला तिचं नाटक मी बसवतोय. येशील?"

मी गेलो. शेवटचं गाणं कायम तिचं असायचं, त्यामुळे ते म्हणायला कुणी धजावेना. अखेर आजोबाच उभे राहिले. वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला आणि ते थांबले. तेवढ्यात बाकांवरच्या बायका उठल्या आणि त्यांनी ती ओळ पुढे नेली. डोळे पुसत आजोबाही त्यांच्यासोबत गाऊ लागले.

बाहेर पडताना मी भीत भीत विचारलं, "आता विश्वास बसला?"

"देवावर? नाही रे," ते म्हणाले. "पण मी अडखळलो तर त्या बायका सांभाळून घेतील, याबद्दल मात्र मला शंकाच आली नाही."

आणि नटांचे झगे आवरायला ते आत गेले.